सुटतंय किती, वाढतंय किती

पत्र असं आहे:

"नमस्कार. आम्ही सोलापूरचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे. दिवाळीनंतर आठ जुने माग आणि शेडचा एक भाग विकला. देणी भागवून १४ लाख हातात राहिले. मुलगा २७ वर्षांचा, पुण्यात हिंजवडीला नोकरीला. तो म्हणतो, यातले १० लाख एका इंटरनेट कंपनीच्या शेअरमध्ये घालूया. दहा मिनिटांत किराणा घरपोच देणारी कंपनी आहे, तिची विक्री दरवर्षी दीडपट होते म्हणे. आमचे हे ६२ वर्षांचे. ते म्हणतात, जी कंपनी अजून तोट्यात आहे तिला किंमतच कसली, पैसे बँकेत ठेव. मुलगा शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने येतो आणि रविवारचं जेवण या वादात जातं. गेल्या खेपेला ताटावरून उठून गेला. दोघंही हिशेबाला पक्के आहेत. २०११ साली यांनी रॅपियर माग घेतले, तेव्हा दोन वर्षं घरात तोटाच होता, तोही यांनीच निभावला. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कुणाचा हिशेब खरा, आणि मी मध्ये बोलावं का? मला यातलं कळत नाही असं दोघंही म्हणतात. पहिल्या दोन मागांच्या वेळी माझ्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, एवढं मात्र मला कळतं."

ताई, नमस्कार.

कंपनीचं नाव तुम्ही लिहिलं आहे, ते मी छापत नाही. तो शेअर घ्या किंवा घेऊ नका असंही सांगणार नाही. पण हिशेब कसा मांडायचा ते सगळं सांगतो, कारण तुमच्या घरात चाललेला वाद मोठमोठ्या जाणकारांतही चालतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुमचे यजमान विचारतात, "सुटतंय किती?" मुलगा विचारतो, "वाढतंय किती?" दोन्ही प्रश्न एकाच हिशेबातले आहेत. अर्धा अर्धा हिशेब घेऊन दोघं समोरासमोर बसतात, म्हणून जेवण कडू होतं.

आधी यजमानांचं बघू. तोट्यातल्या कंपनीला किंमत नाही, हे त्यांचं म्हणणं त्यांच्याच कारखान्याला लावून बघा. २०११ साली रॅपियर घेतले तेव्हा कापसाचे भाव भडकले होते, सूत महाग, वर कर्जाचा हप्ता. वर्षाअखेरीला तोटा दिसला. पण डझनाचा हिशेब काय होता? सूत, रंगाई, वीज आणि कारागिराची मजुरी वजा करून एका डझन टॉवेलमागे चार पैसे सुटत असतील, तर तो तोटा मागांचा होता. हप्ता आणि घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेचा खर्च, उत्पन्नाच्या आधी आले, एवढंच. माग पूर्ण चालू लागले, दोन पाळ्या लागल्या, तसा तो आपोआप भरून निघाला. त्याउलट डझनामागे दहा रुपये पदरचेच जात असते, तर जितके जास्त टॉवेल तितका मोठा खड्डा. तो टॉवेलाचा तोटा. मागाचा तोटा वाढीने भरतो आणि टॉवेलाचा तोटा वाढीने वाढतो. त्या वर्षी कुणी तुमच्या यजमानांना म्हटलं असतं, "तुमच्या कारखान्याची किंमत शून्य," तर त्यांनी त्याला शेडबाहेर काढलं असतं.

म्हणून मुलाला पहिलं काम हे सांगा. ही कंपनी दर तीन महिन्यांनी निकाल जाहीर करते, त्याबरोबर भागधारकांसाठी टिपण देते. त्यात एका ऑर्डरमागचा हिशेब शोधायचा. येणं म्हणजे दुकानदाराकडून किंवा माल बनवणाऱ्याकडून मिळणारं कमिशन, गिऱ्हाईकाकडून घेतलेला डिलिव्हरीचा आकार, ॲपवरच्या जाहिरातीचे पैसे. जाणं म्हणजे गाडीवरून माल पोचवणाऱ्या पोराचे पैसे, डार्क स्टोअरचं, म्हणजे फक्त ऑर्डरी भरण्यासाठी गल्लीबोळात ठेवलेल्या गोदामाचं, भाडं आणि तिथल्या लोकांचे पगार, पॅकिंग, दिलेली सूट, खराब झालेला भाजीपाला. जे उरतं त्याला त्यांच्या भाषेत काँट्रिब्युशन म्हणतात. मागच्या आठ तिमाह्यांचा हा एक आकडा वहीत एकाखाली एक लिहून काढा. तो उणेतून शून्याकडे आणि शून्यातून वर चालला असेल, तर मुलाच्या बोलण्यात दम आहे. आठही वेळा उणेच असेल आणि विक्री मात्र दीडपट होत असेल, तर यजमानांचा संशय रास्त आहे.

एक जागा जपून बघा. बऱ्याच इंटरनेट कंपन्या "ॲडजस्टेड" नफा दाखवतात. त्यात कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरांचा खर्च वगळलेला असतो, रोख गेली नाही म्हणून. यजमानांना विचारा, मुकादमाला पगाराऐवजी शेडमध्ये वाटा लिहून दिला तर तो खर्च धरायचा की नाही? त्यांचं उत्तर मला माहीत आहे. मुलानेही ते ऐकून घ्यावं.

आता मुलाची बाजू. विक्री दरवर्षी दीडपट होते, हे तो कुठल्या आकड्यावरून सांगतो? आपल्याकडे उन्हाळ्यात उजनीचा टक्का बघून दिवस उजाडतो. धरणात सगळं मिळून ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृत साठा आणि ५३ टीएमसीच्या आसपास उपयुक्त. टक्का मोजला जातो तो उपयुक्त साठ्याचा, म्हणूनच मे महिन्यात "उजनी उणे" अशी बातमी येते आणि तरी धरणात पाणी दिसत असतं. इंटरनेट कंपनीचेही असे वेगवेगळे साठे असतात. गिऱ्हाईकांनी मागवलेल्या मालाची एकूण रक्कम हा सगळ्यात मोठा आकडा. त्यातलं बरंचसं दुसऱ्याचं असतं. कंपनीच्या पदरात पडतं ते कमिशन आणि आकार, तिचं खरं उत्पन्न. त्यातूनही खर्च जाऊन उरतं ते भागधारकाच्या कामाचं. मुलगा कुठल्या पातळीवरून मोजतोय ते आधी ठरू दे.

यात आणखी एक खाच आहे. कंपनी दुसऱ्याचा माल पोचवत होती तोवर तिच्या वहीत फक्त कमिशन लागायचं. उद्या तिने तोच माल स्वतः विकत घेऊन विकायला सुरुवात केली, की पूर्ण किंमत विक्री म्हणून लागते. दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या ब्लिंकिटने २०२५ मध्ये हा बदल करायला घेतला तसा तिच्या मूळ कंपनीच्या महसुलाचा आकडा एकदम फुगला. धंदाही वाढत होताच, पण आकड्याची उडी धंद्याच्या उडीपेक्षा कितीतरी मोठी होती. यात लपवाछपवी काही नाही, निकालात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. पण जो फक्त "इतके टक्के वाढ" एवढंच वाचतो त्याला ते कळत नाही.

आता मुख्य हिशेब. हा मी सविस्तर सांगतो, कारण मला वाटतं तुमच्या घरातला वाद इथेच सुटेल. कंपनीची किंमत किती असावी, असा प्रश्न विचारला की प्रत्येक जण आपापला आकडा आणतो आणि भांडण सुरू. त्यापेक्षा उलटं चाला. बाजाराने आज जी किंमत लावली आहे ती खरी ठरायला पुढे काय काय घडावं लागेल, ते काढा.

समजा, सगळ्या शेअरांची मिळून किंमत आज १ लाख कोटी रुपये आहे आणि वर्षाची विक्री ५,००० कोटी. हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, मुलाने त्याच्या कंपनीचे घालावेत. आता आपल्याला परतावा किती हवा? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के मिळत आले आहेत, तेही सरकारच्या भरवशावर. मग एवढी जोखीम घ्यायची तर वर्षाला निदान १४ टक्के तरी सुटायला हवेत. १४ टक्क्यांनी १० वर्षांत रकमेचे ३.७ पट होतात. म्हणजे १० वर्षांनी कंपनीची किंमत ३ लाख ७० हजार कोटी व्हायला हवी. तोवर तिची वाढ मंदावलेली असेल, कारण कुठलंही रोप आभाळाला जात नाही. अशा स्थिरावलेल्या चांगल्या कंपनीला बाजार नफ्याच्या ३० पट किंमत देतो असं धरू, हेही उदारपणेच. तर त्या वर्षी नफा हवा सुमारे १२,३०० कोटी. विक्रीवर १० टक्के नफा सुटतो असं धरलं तर विक्री हवी १ लाख २३ हजार कोटी. आज ५,००० कोटी आहे. म्हणजे जवळजवळ २५ पट. त्यासाठी सलग १० वर्षं दरवर्षी ३८ टक्क्यांनी वाढायला हवं, एकही वर्ष खाली न घेता.

आणि हे सगळं झालं, तरी आपल्याला मिळतात ते १४ टक्केच. घबाड नव्हे. मुलाला ही गोष्ट नीट समजावून सांगा. जलद वाढ ही आनंदाची बातमी म्हणून तो सांगतोय, पण ती वाढ आजच्या भावात आधीच मोजून घेतलेली आहे. ३८ टक्क्यांऐवजी ३० टक्के वाढ झाली तर कंपनी उत्तम चालली असं सगळे म्हणतील आणि तुमच्या पदरात बँकेपेक्षा कमी पडू शकेल.

आता एकेक दाणा सरकवून बघा. नफा १० ऐवजी १५ टक्के सुटला, तर वाढ ३२ टक्के पुरते. ५ टक्केच सुटला तर ४८ टक्के लागते. कंपनी दरवर्षी ३ टक्के नवे शेअर काढत राहिली, म्हणजे शेडचे वाटेकरी वाढत गेले, तर ३८ चे ४२ होतात. हे वाटेकरी वाढणं काही कल्पनेतलं नाही. झोमॅटोचे, म्हणजे ब्लिंकिटच्याच मूळ कंपनीचे, २०२१ मध्ये ७८५ कोटींच्या आसपास शेअर होते, २०२५ मध्ये ते ९६० कोटींच्या पुढे गेले. काही ब्लिंकिट विकत घेताना दिले गेले, काही नव्याने भांडवल उभं करताना.

यातला १० टक्के नफ्याचा आकडा मी सहज लिहिला, पण खरा वाद तिथेच आहे. किराण्यात १० टक्के सुटतात का? डीमार्ट चालवणाऱ्या कंपनीने २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं. काटकसरीत तिचा हात धरणारं क्वचितच कुणी असेल. २०२४-२५ मध्ये तिची विक्री ५९,००० कोटींच्या पुढे होती आणि निव्वळ नफा सुमारे २,७०० कोटी. म्हणजे साडेचार टक्के. मग आपल्या कागदावरची कंपनी १० वर्षांत डीमार्टच्या आजच्या दुप्पट विक्री करणार, तीही दुप्पट नफ्याच्या टक्केवारीने, असं आपण मानून चाललो आहोत. मुलगा म्हणेल, आमची कंपनी माल विकत नाही, कमिशन घेते, त्यावर जास्त सुटतं, शिवाय जाहिरातीचं उत्पन्न वेगळं. मुद्दा बरोबर आहे. पण मग शंभराच्या ऑर्डरमागे वीस रुपये कंपनीचे धरले, तरी १ लाख २३ हजार कोटींच्या उत्पन्नासाठी गिऱ्हाईकांनी ६ लाख कोटींच्या वर माल मागवायला हवा. होईल का? देश मोठा आहे, शहरं वाढताहेत, मी नाही म्हणणार नाही. पण सोलापुरात नव्या पेठेतला किराणावाला फोनवर सांगितलं की अर्ध्या तासात पोरगं पाठवतो आणि महिन्याची उधारीही ठेवतो. तिथलं गिऱ्हाईक हलवायला मुंबई-पुण्यापेक्षा जास्त खर्च येईल, असं माझं मत. कंपनीच्या टिपणात जुन्या शहरांचा आणि नव्या शहरांचा हिशेब वेगळा दिला असेल, तर तो आवर्जून बघा.

मुलगा आणखी एक गोष्ट म्हणत असेल, की अमुक कंपनी विक्रीच्या २० पट भावाने चालते, ही १५ पटच आहे, म्हणजे स्वस्त. या मोजमापावर माझा विश्वास नाही. शेजारच्याने जमीन महाग घेतली म्हणून आपल्याला ती स्वस्त होत नाही. आणि यजमान पी-ईचं माप लावतील, म्हणजे किंमत नफ्याच्या किती पट आहे ते, तर तेही इथे वेगळ्या कारणाने लंगडं पडतं. २०२४-२५ मध्ये झोमॅटोच्या मूळ कंपनीचा, म्हणजे आता जिचं नाव इटर्नल आहे तिचा, नफा ५२७ कोटी होता आणि मार्च २०२५ च्या अखेरीला तिचं बाजारमूल्य १ लाख ९० हजार कोटींच्या घरात. भागाकार केला तर ते साडेतीनशे पटीच्या वर जातं. नफा नुकताच अंकुरला असेल तेव्हा हा भागाकार काहीच सांगत नाही. महाग आहे असंही नाही आणि स्वस्त आहे असंही नाही.

जाणकारांत हा वाद कसा रंगला त्याचं उदाहरण याच कंपनीचं आहे. जुलै २०२१ मध्ये झोमॅटोचा शेअर ७६ रुपयांना विक्रीला आला आणि पहिल्या दिवशी १२६ च्या आसपास बंद झाला. न्यूयॉर्क विद्यापीठात मूल्यांकन शिकवणारे प्राध्यापक अस्वथ दामोदरन यांनी त्याच सुमाराला आपला हिशेब उघड मांडला आणि शेअरची किंमत सुमारे ४१ रुपये काढली. लोक हसले. बरोबर वर्षाने, जुलै २०२२ मध्ये, जुन्या भागधारकांवरची विक्रीबंदी उठली आणि भाव ४१ च्या खाली जाऊन आला. तेव्हा बाकीचे लोक हसले. मग डिसेंबर २०२४ मध्ये तोच शेअर तीनशेला टेकला. आता कोण बरोबर? मला वाटतं, दामोदरन यांनी २०२१ मध्ये दिसणाऱ्या धंद्याचा, म्हणजे मुख्यतः हॉटेलचं जेवण पोचवण्याचा, हिशेब चोख केला होता. २०२२ मध्ये कंपनीने साडेचार हजार कोटींच्या आसपास किमतीचे शेअर देऊन ब्लिंकिट घेतलं आणि धंद्याची गोष्टच बदलली. गंमत अशी की ती खरेदी जाहीर झाली तेव्हा बाजाराला ती अजिबात आवडली नव्हती. मुलगा तीनशेकडे बोट दाखवेल, यजमान एकेचाळीसकडे. दोन्ही भाव खरेच आहेत.

हे तीन भाव तुमच्या १० लाखांना लावून बघा. १२६ ला घेतले असते तर वर्षात सव्वातीन लाख उरले होते. धीर धरला असता तर २०२४ च्या डिसेंबरात जवळजवळ २४ लाख. मधल्या काळात मुलीची फी आली असती, शेडच्या पत्र्याचं काम निघालं असतं, दर रविवारी जेवताना यजमान एकच वाक्य बोलले असते. किती घरांनी तो धीर धरला असता? हा प्रश्न मी टोचून विचारत नाही. मी स्वतः धरू शकलो नव्हतो.

२००० साल. तेव्हा इंटरनेटचं नाव लावलं की शेअर पळायचा. मी एका दलालाच्या कार्यालयात संध्याकाळी जाऊन बसायचो, आठ-दहा जण एका पडद्याकडे बघत उभे असायचे. एका कंपनीत मी ४०,००० रुपये घातले. ती नेमकं काय विकते हे त्या खोलीतल्या एकालाही सांगता आलं नसतं, मलाही नाही. भाव रोज वाढतोय, एवढंच कारण. दीड वर्षाने ६,००० हातात घेऊन बाहेर पडलो. बायकोला पुढचे सहा महिने खरं सांगितलं नव्हतं. पैशापेक्षा ते जास्त लागतं मनाला, अजूनही. म्हणून तुमच्या घरात हा वाद ताटावर, सगळ्यांदेखत चाललाय, याचं मला मोल वाटतं.

त्याच लाटेत अमेरिकेत अ‍ॅमेझॉनचा शेअर वरच्या भावापासून नव्वद टक्क्यांहून जास्त पडला होता. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मुलं नेहमी तेच उदाहरण देतात. पण सिस्कोचं कुणी देत नाही. इंटरनेटची यंत्रं बनवणारी ती कंपनी, नफ्यात, नावाजलेली, आजही जोरात चालू. तिच्या शेअरला २००० सालचा वरचा भाव पुन्हा दिसायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. कंपनीबद्दलचा अंदाज बरोबर आणि दिलेला भाव चुकीचा, असं होतं तेव्हा पंचवीस वर्षं जातात. आणि काही गोष्टी कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. पेटीएमचा शेअर नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० ला विकला गेला आणि पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली बंद झाला. ते भावाचं झालं. पण जानेवारी २०२४ च्या शेवटी रिझर्व्ह बँकेने तिच्याशी संलग्न पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले, त्यानंतरची घसरण वाढीच्या कुठल्याही तक्त्यावरून आधी ओळखू आली नसती. किराणा पोचवणाऱ्या कंपन्यांबाबत उद्या डिलिव्हरीच्या मुलांच्या हक्कांचे किंवा लहान दुकानदारांच्या संरक्षणाचे नियम कडक झाले, तर एका ऑर्डरमागचा तोच हिशेब बदलेल. ते नियम व्हावेत असं मला माणूस म्हणून वाटतं. भागधारकाने ते धरून चालावं.

आता रकमेचं. इथे मी स्पष्ट बोलतो: १० लाख नको. मुलाचा हिशेब पूर्ण बरोबर निघाला तरी नको. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा एक नियम यजमानांना आवडेल. ज्या कंपनीला नफ्याचा पुरेसा इतिहास नाही, ती पहिल्यांदा शेअर विकायला येते तेव्हा तुमच्या-आमच्यासारख्या लहान गुंतवणूकदारांसाठी जास्तीत जास्त १० टक्के शेअर राखता येतात. नफ्यातली कंपनी असेल तर निदान ३५ टक्के. अशा कंपन्यांची किंमत ठरवण्याचं काम आधी मोठ्या संस्थांनी करावं, घरच्या पैशाने नव्हे, हा त्यामागचा विचार. तुमच्या घरातही तेच प्रमाण धरा. १४ लाखांतले सव्वा ते दीड लाख, आणि तेवढीच रक्कम मुलाने स्वतःच्या पगारातून घालावी. एकदम नको, वर्षभरात चार वेळा, प्रत्येक तिमाहीचा निकाल वाचून झाल्यावर. वय २७ असलेल्या पोराला चूक करून सावरायला वेळ असतो. ६२ व्या वर्षी माग विकून आलेल्या पैशाला नसतो. यजमानांचे सात-आठ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत गेले, तर दर तिमाहीला व्याज हातात येईल. मुलीसाठीचे पैसे बँकेत, हात लावायचा नाही. उरलेलं निर्देशांकाच्या म्युच्युअल फंडात, म्हणजे निफ्टीसारख्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांत पैसे वाटून घालणाऱ्या फंडात, गेलं तर मुलाच्या "वाढ" या शब्दालाही मान राहील. शेअर कर्ज काढून घ्यायचा नाही आणि ऑप्शनच्या, म्हणजे पुढच्या भावावर पैज लावण्याच्या, वाटेला जायचं नाही, एवढं वचन मुलाकडून घ्या.

या रविवारी वाद सुरू झाला की एक कोरा कागद मध्ये ठेवा. वर आजची किंमत आणि आजची विक्री. खाली चार ओळी: १० वर्षांनी विक्री किती, तिच्यावर सुटणार किती टक्के, वाटेकरी किती वाढणार, आणि त्या नफ्याला लोक किती पट देणार. यजमानांनी एका रंगाने भरायचं, मुलाने दुसऱ्या. माझा अंदाज आहे, तीन ओळींत दोघं जवळपास जुळतील आणि एकाच ओळीत, बहुधा टक्क्याच्या, लांब जातील. मग वाद त्या एका ओळीपुरता उरेल, आणि त्या ओळीवर तुमच्या यजमानांना चाळीस वर्षांचा अनुभव आहे. डझनामागे काय सुटतं आणि का सुटतं, हे त्यांना जितकं कळतं तितकं पुण्यातल्या कुठल्याही ॲपमध्ये दिसणार नाही. त्याने बाबांना विचारावं. बाबांनीही त्याला विचारावं, गिऱ्हाईक सूट बंद झाल्यावर ॲपवर टिकतं का, कारण तो स्वतः ते गिऱ्हाईक आहे. कागद जपून ठेवा, तारीख घाला, आणि पुढच्या गड्ड्याच्या यात्रेला मुलगा घरी येईल तेव्हा पुन्हा काढून बघा.

आणि तुम्ही मध्ये बोलावं का, असं विचारलंत. ताई, हे १४ लाख ज्या कारखान्यातून आले त्याचे पहिले दोन माग तुमच्या पाटल्यांवर उभे राहिले. तुम्ही या धंद्यातल्या पहिल्या भागधारक आहात. त्या कागदावर पाचवी ओळ तुमची असू द्या, आणि ती सगळ्यात आधी भरा: हे पैसे कधी लागणार. मुलीच्या शेवटच्या सेमिस्टरची फी कुठल्या महिन्यात, शेडचं काम पावसाळ्याआधी की नंतर, यजमानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन किंवा तसलं काही पुढे ढकललेलं आहे का. त्या पाटल्या सोडवल्या की नाही, ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. नसतील सोडवल्या, तर तेही त्याच ओळीत लिहा.